एकदा तोललं ते तोललं

मुलीला आलेल्या नोकरीच्या पत्राचं उत्तर शुक्रवारी दुपारपर्यंत धाडायचं होतं. गुरुवारची संध्याकाळ झाली तरी घरात एकमत होईना, तेव्हा तराजूवाल्याने जाहीर केलं की प्रश्न दुकानातल्या मोठ्या तराजूवर घालू.

यात चेष्टा नव्हती. तराजू दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि त्याच्या हातून गेलेल्या तराजूत गुंजभर खोट कुणाला सापडली नव्हती. घरातली भांडणंही तो त्याच तराजूवर मिटवी. प्रत्येक कारणाला किती वजन, ते तिघांनी मिळून ठरवायचं. तेवढी मापं पारड्यात टाकायची. दोन्ही बाजू भरेपर्यंत दांडीला खुंटी, मग खुंटी काढायची. जे पारडं खाली, ते खरं. एकदा तोललं ते तोललं, पुन्हा नाही. घरातलं मांजरही असंच चाळीस ग्रॅमांच्या फरकाने घरात आलं होतं.

मुलगी बावीस वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून सगळी गल्ली तिला छटाक म्हणे. नोकरी होती प्रयोगशाळांचे नाजूक काटे बनवणाऱ्या कारखान्यात, पण दोन दिवस आगगाडी आणि वर एक दिवस बोट, इतकी लांब. गेलं वर्षभर ती येईल-जाईल त्याला सांगत होती की या गल्लीत आपला जीव गुदमरतो, संधी मिळू दे, मागे वळूनसुद्धा बघणार नाही. आता संधी दारात उभी होती आणि बाप म्हणत होता, मग दुकान कोण बघणार? आई म्हणत होती, बोटीवर माणसं आजारी पडतात.

तराजूवर कापड टाकलं गेलं. सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. सकाळी आई दुकान झाडून आली, बाप कुलूप नीट लागलंय का ते बघून आला आणि छटाक मापं पुसून ठेवून आली.

साक्षीला समोरचा न्हावी बोलावला. तो एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर बसवून आला.

घासाघीस सुरू झाली, आधी जायच्या बाजूची. पगाराचं वजन पटकन ठरलं. जीव गुदमरण्यावर आई अडली. ती म्हणाली, गुदमरून गुदमरून पोरगी अंगाने भरली ती कशी? शेवटी अडीचशे ग्रॅमांवर तडजोड झाली. छटाकही आज फारशी ताणत नव्हती. जाता जाता आईवडिलांचा मान राखत असेल, असं न्हाव्याला वाटलं.

मग राहायची बाजू. दुकान पाचशे. बोट शंभर. बापाने बायकोच्या गुडघ्यांना शंभर लावले.

"माझे गुडघे शंभर ग्रॅम?" आई म्हणाली.

"एकेक," बाप म्हणाला.

गुडघे दीडशे-दीडशेवर सुटले. त्याचा बदला म्हणून आईने नवऱ्याच्या अधू डोळ्यांचे अडीचशे टाकले. ते अधू नाहीत हे तो शेजारच्या खुर्चीकडे बघून सांगत राहिला, पण मापं पारड्यात पडली.

न्हाव्याने कागदावर बेरीज केली. राहायची बाजू पन्नास ग्रॅमांनी जड. त्याने छटाकच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, नशिबात इथलंच पाणी दिसतंय, पोरी.

बापाने खुंटी काढली. जायचं पारडं धाडकन खाली गेलं.

न्हावी कागद उलटसुलट करू लागला. बाप त्याला शांतपणे म्हणाला की बेरीज माणूस करतो, तेव्हा ती चुकते. आई आयुष्यात कुठल्या निकालावर गप्प बसली नव्हती. ती चष्मा पुसत एवढंच म्हणाली, की आता तराजूच म्हणतो तर जायला हवं.

छटाक पांढरीफटक पडली होती. "बाबा, पुन्हा एकदा तोलायचं का? तुमच्या समाधानासाठी म्हणते."

"एकदा तोललं ते तोललं."

आनंद अंगावर आला की माणसाचं असंच होतं, असं म्हणून न्हावी उरलेल्या अर्ध्या दाढीकडे गेला.

मंगळवारी तिला गाडीत बसवलं. मागे वळून न बघणारी पोरगी गाडी वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून अर्धी बाहेर होती. घरी आल्यावर बाप हात धुतो म्हणाला आणि हळूच दुकानात शिरला.

बायको आधीच तिथे होती. स्टुलावर बसून जायच्या पारड्याच्या तळाचं काहीतरी सुरीने खरवडत होती. मळलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा, त्यात खच्चून खोचलेले खिळे.

"पारडं घासतेय," ती म्हणाली.

त्याने तेच पारडं टांगायच्या आकड्यामागे हात घातला, तिथे गुंडाळलेली शिशाची तार उलगडली आणि तिच्या गोळ्याशेजारी ठेवली.

तिने सुरी खाली ठेवली.

"तुम्हाला तर ती इथे हवी होती," ती म्हणाली.

"तुला नको होती?"

"हवी होती. म्हणून काय तिने जन्मभर माझे गुडघे तोलत बसायचं?"

तो पहिल्यांदा हसला. तीस वर्षांची अब्रू एका सकाळीत गेली होती, तीही नवरा-बायकोने मिळून घालवलेली. पण निदान घरातलं एक माणूस तरी मनासारखं करून गेलं, असं तो म्हणाला, आणि तिने नाक पुसत मान हलवली.

मग तराजू पुन्हा खरा करायला म्हणून त्याने सगळी मापं उतरवली, दोन्ही पारडी फडक्याने पुसली आणि खुंटी काढली.

राहायचं रिकामं पारडं सावकाश खाली गेलं. त्याने तळाला हात लावला. शिशाची एक चकती होती, चांगली जाड, मेणाने बेमालूम बसवलेली. कडा गोल घासलेल्या, अगदी त्याने छटाकला घासायला शिकवल्या होत्या तशा.