नेवेनाच्या आवडीचं शहर

या, अशा जवळ सरकून बसा. देवळातलं गाणं सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात स्तामेनची गोष्ट सांगून होईल. ती ऐकलीत की मग ते गाणं वेगळंच ऐकू येतं.

स्तामेन इस्क्राच्या दारात उभा होता, आणि एकटाच होता.

तो आणि त्याची बायको नेवेना दर मे महिन्यात डोंगरातल्या गावाहून सोफिया शहरात यायची आणि इस्क्राच्या आईकडे खोली घेऊन राहायची. गेली दोन वर्षं आली नव्हती. आता ऑक्टोबर लागला होता, आई बहिणीकडे वार्नाला गेलेली, आणि दारात हा म्हातारा. कोट अंगावर सैल झालेला. काकू कुठं आहेत, हे इस्क्राच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि त्याला आत घेतलं.

तो बसला नाही. संध्याकाळच्या बसनं परत जायचं होतं. तोवर नेवेनाच्या आवडीचं सगळं करायचं, एकही गोष्ट सुटू द्यायची नाही, असं त्याच्या मनात होतं. इस्क्रानं सोबत यायलाच हवं म्हणाला. ती ट्राम चालवायची, नेमकी त्या दिवशी सुट्टीवर होती. नाही म्हणवलं नाही.

आधी जुन्या हमामाजवळचे गरम पाण्याचे नळ. स्तामेन कडेच्या नळाशीच थांबला. बाकीच्या नळांना लोखंडाची चव येते, असं नेवेनाचं मत. पाणी सगळं एकाच झऱ्याचं, असं इस्क्रा म्हणाली, तर तो म्हणाला की हे नेवेनाच्या तोंडावर बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. इस्क्राला ओंजळभर प्यायला लावूनच तो हलला.

मग गल्लीतली बेकरी. समोरच्या खिडकीत गर्दी असते, मागच्या खिडकीत बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, गरम मिळते. सोबत बोझा, आंबिलीसारखा दाट. ज्या बाकावरून घरांच्या फटीतून डोंगर दिसतो, त्याच बाकावर बसायचं. दुसऱ्या घासाला स्तामेन थांबला आणि त्यानं उरलेली बानित्सा शेजारी बसलेल्या म्हातारीला दिली.

आमच्याकडे अनोळखी माणसाच्या हातावर असं खाणं ठेवलं, की ते गेलेल्या माणसाच्या नावानं असतं. म्हातारीनं ती घेतली, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "देव त्या जिवाला क्षमा करो."

स्तामेननं मान खाली घातली. "करो," एवढंच म्हणाला.

इस्क्रानं डोंगराकडे तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

बागेत बुद्धिबळवाले म्हातारे जमले होते. नेवेना स्तामेनच्या पाठीमागं उभी राहून चाली सांगायची, तिच्या जोरावर तो जिंकायचा, हे सगळ्यांना ठाऊक. त्यांतल्या एका टकल्यानं त्याला पाहताच हाक मारली, "काय रे डोंगऱ्या, आज वकिलाविना कोर्टात? मग खटला गेलाच म्हणून समज." सगळे हसले. इस्क्रा त्या टकल्याला डोळ्यांनी गप्प करायला बघत होती. स्तामेन मात्र हसला, भराभर हरला, आणि उठताना नेवेनाची जागा राखून ठेवायला सांगून निघाला. वाटेत दोनदा भिंतीला टेकला. दुःखानं माणूस असा वाळतो, इस्क्राला वाटलं. तिनं त्याचा हात धरला.

शेवटी देऊळ. नेवेनाला संध्याकाळची प्रार्थना ऐकायची असे, तीसुद्धा उजव्या खांबाशी उभं राहून. गायकांचा पहिला खर्ज लागला की त्या दगडी खांबातून तो तळपायाशी उतरतो. स्तामेन डोळे मिटून उभा राहिला. त्यानं इस्क्रालाही खांबाला पाठ टेकायला लावली.

गाणं संपलं. इस्क्रानं मेणबत्ती आणली. जिवंत माणसांसाठी वर, उंच तबकात लावायची. गेलेल्यांसाठी खाली, वाळूत. नेवेनाकाकूचं नाव घेत ती खाली वाकली.

स्तामेननं तिचं कोपर धरलं.

"अगं, वर लाव. घरी बसलीय ती. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून आणली नाही."

इस्क्रा तशीच अर्धवट वाकून राहिली. मग तिनं मेणबत्ती वर लावली आणि हसत, रडत त्याच्यावर ओरडली.

"दिवसभर जीव टांगणीला लावलात, काका. मग काकूंना सोडून हे सगळं आजच करायची काय घाई होती?"

"तुला वाट दाखवायची होती, पोरी." तो शांतपणे म्हणाला. "सकाळी डॉक्टरांना भेटून मगच तुझ्या दारी आलो. मे महिन्यात नेवेना येईल, एकटी. सगळीकडे ने तिला. तिला वाकता येणार नाही, तेव्हा खालची मेणबत्ती तू लाव. आणि लावताना स्तामेनची आठवण ठेव."