रंभाबाईचा उजवा हात

एडवणला रंभाबाईच्या घरची होडी नारळी पौर्णिमेला निघायची, ती तिनंच विणलेलं जाळं घेऊन. यंदा मात्र तिच्या उजव्या हाताला सारख्या मुंग्या यायच्या, मनगटातली कळ खांद्यापर्यंत चढायची आणि बोटांना दोरा कळायचाच नाही.

"आये, तुमी इसावा. उरलेलं मी इनते," सून शकू म्हणाली.

"तुझ्या गाठी बघून मासं हसत निघून जातील गो!"

तरी दुपारी हात मांडीवर टाकून तिचा डोळा लागायचा. उठावं तर हात आणखीच दमलेला, आणि जाळं वीतभर वाढलेलं.

"चोरून इनतेस?"

"मी तर बाजारात व्हते, आये."

रंभाबाईनं गाठी चाचपल्या. तिच्याच होत्या, पण तरुणपणीच्या, घट्ट.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी ती हात मांडीखाली दाबून जाळ्यासमोर जागी बसली. शकू मागून तिच्या खांद्याला तेल चोळत होती.

खांबाला टांगलेलं जाळं हललं. त्यात खोचलेली विणायची सुई आपसूक वर गेली, गाठ आवळली गेली. आणि मांडीखालच्या बधिर बोटांना दोऱ्याचा ताण लागला.

शकूचे हात थांबले. "आये, दमलाय तुमचा हात. थांबवा त्याला."

रंभाबाईनं हात सगळ्या भारानं दाबून धरला. सुई भरभर चालू लागली.