यान हलतं ती जागा

"बघा आता," असं म्हणून लेकीने कळ दाबली आणि आपली खुर्ची सरकवून बाबांना पडद्यापुढे जागा करून दिली.

पडद्यावर अवकाशयान आलं. जुन्या मालिकेतलं, बाबांनीच डब्यांची झाकणं आणि सायकलचा दिवा जोडून घडवलेलं. चाळीस वर्षांपूर्वी ते दोऱ्याला लटकत जायचं आणि सातव्या भागात, चंद्राला वळसा घालताना, गदागदा हलायचं. आता दोरा नव्हता. चंद्रावर खड्डे होते, खड्ड्यांत सावल्या होत्या, आणि यान आतल्या प्रवाशांच्या पोटातलं पाणीही हलू नये अशा बेताने निघून गेलं.

त्या हादऱ्यावरून चाहत्यांचे दोन तट पडले होते. एक म्हणत, आता संगणक आहेत, मग हे ध्यान कशाला जपायचं? दुसरे म्हणत, एका चौकटीला जरी हात लावलात तर खबरदार! काहींनी तर यानाचं इंजिन तिथे कसं बिघडलं असेल, यावर पानंच्या पानं खरडली होती. एकमत फक्त एका गोष्टीवर होतं, की दोरा धरणाऱ्याचा हात हलला. बाबाही विचारेल त्याला हेच सांगत आले होते, "माझा हात हलला."

मालिका नव्याने उजळायचं काम लेकीच्या स्टुडिओकडे आलं, तेव्हा तिने हे दृश्य हट्टाने मागून घेतलं. बाबांच्या नावावरचा तेवढा एक डाग तिला पुसायचा होता. त्यासाठी ती तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बसली होती. आज पाच वाजता भाग रवाना व्हायचा होता.

"कसं झालंय?"

"फक्कड," बाबा म्हणाले. "अगदी फक्कड." मग चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

लेक त्यांना ओळखून होती. एखादी गोष्ट मनापासून आवडली, की बाबा तिच्यात दहा चुका काढत. नुसतंच कौतुक म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

"बाबा, काय झालं? सांगा बघू."

"माझा हात नव्हता गं तो."

"म्हणजे?"

"दोरा तुझ्या आईने धरला होता. ती मालिकेचे कपडे शिवायची. त्या दिवशी मदतनीस आला नाही, म्हणून मीच तिला शिडीवर चढवली. यान किती वेगाने न्यायचं ते तिला वरून कळेना. मग मी खाली उताणा पडलो आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला लागलो. आवाज चढला की जोरात, उतरला की हळू. झालं! बाईसाहेबांना हसू आवरेना. ओठ दाबून हसली, पण हात कुठे ऐकतोय? रीळही तेवढंच उरलं होतं."

"आणि चाळीस वर्षं तुम्ही ते स्वतःवर घेतलंत?"

"मग काय, तिला लोकांच्या तोंडी देऊ?"

लेक दीड वर्षाची असताना आई गेली होती. घरात तिचे अकरा फोटो होते आणि अकराही फोटोंत ती फोटोवाल्याच्या हुकमाने ताठ, गंभीर बसलेली होती. लेकीला तिचा आवाज आठवत नव्हता. काहीच आठवत नव्हतं.

घड्याळात सव्वाचार झाले होते. लेकीने जुनं दृश्य शोधून काढलं आणि पुन्हा त्याच्या जागी आणून बसवलं. तीन आठवडे पाण्यात गेले, पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"दोरा तेवढा पुसू?"

"नको. तिच्या शिवणाच्या डब्यातला आहे."

"उद्यापासून निम्मे लोक तुम्हाला नावं ठेवतील, बाबा."

"ठेवू देत. मला सवय आहे."

लेकीने दृश्य सुरुवातीला आणून थांबवलं. "तो आवाज काढा ना."

"वेडी आहेस का? बाहेर माणसं आहेत."

"काढा ना, बाबा."

बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग गाल फुगवले. "घूंऽऽऽ..."

लेकीने कळ दाबली. आवाज चढत गेला, आणि चंद्राच्या वळणावर यान गदागदा हललं. आईला हसताना ती पहिल्यांदाच पाहत होती.