चुकलेली बस

लेक शाळकरी पोरांची एक मालिका बघते. त्यात कुणाची बस चुकली तरी मागे रडकं गाणं लागतं.

"बसच चुकली ना? मग एवढा गळा कशाला काढतात?" मी म्हणालो.

"अहो बाबा, गाण्याशिवाय लोकांना कळणार कसं, की आता रडायचंय?"

खरंच असेल. तिची आई गेली तेव्हा आमच्या घरात नुसता फ्रीज घरघरत होता. चार महिने झाले, दोघांच्याही डोळ्यांतून टिपूस नाही.

काल पुन्हा मालिकेतल्या एका पोराची बस चुकली, गाणं लागलं, आणि आम्ही दोघंही हमसून हमसून रडलो.

गाणं संपलं तशी लेक नाक पुसत, रिमोट उचलून म्हणाली, "बाबा, मागे घेते. चुकू दे त्याची बस अजून एकदा."