गळ्याखालचा काळा चौकोन

रविवारी सकाळी अकरा वाजता रत्नमालेचा हमाल पहिल्यांदा श्वास घ्यायला लागला, तेव्हा खोलीतल्या तिघांनी टाळ्याच वाजवल्या.

अठ्ठेचाळीस तासांत गेम तयार करून पाठवायची स्पर्धा होती आणि संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. अंकुश प्रोग्राम लिहीत होता, रेणू आवाज बसवत होती आणि चित्रं सगळी रत्नमालेच्या गळ्यात पडली होती. जवाहरनगरला रेणूच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत तिघांनी शुक्रवारपासून ठाण मांडलं होतं. विषय मिळाला होता ‘ओझं’. यांनी ठरवलं, राईस मिलमधला हमाल, पाठीवर पोतं आणि न संपणाऱ्या पायऱ्या.

शुक्रवारी तिने हमाल मनानेच काढला होता. छाती पुढे, दंड फुगलेले.

"हा कुठचा हमाल वो? हा तं पैलवान आहे," अंकुश म्हणाला होता. "कोणाले तरी पाहून काढ ना."

पाहायला तिला लांब जायचं नव्हतं. तिचे बाबा, बाबुलाल, पवनीकडच्या एका मिलमध्ये बावीस वर्षं कोंड्याच्या धुळीत पोती वाहत होते. दोन वर्षांपासून घरीच होते. त्यांचा अंगणात उभे असतानाचा व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये होता. तो थांबवत, पुढे सरकवत तिने चार चित्रं केली, बारीक चौकोन एकेक रंगवून. चारही एकामागून एक फिरवली की हमाल जागच्या जागी श्वास घेई. उभं पात्र जरा तरी हललं पाहिजे, नाहीतर ते मेलेलं दिसतं, हे तिने कुठंतरी ऐकलं होतं आणि ते तिला मनापासून पटलं होतं.

"गती थोडी जास्त नाही झाली?" अंकुशने विचारलं.

"नाही. मोजून घेतली आहे," ती ठसक्यात म्हणाली. इतकं हुबेहूब चित्र तिच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. तुमचंच चित्र काढते आहे, हे तिने बाबांना फोनवर सांगूनही टाकलं होतं आणि घरी गेल्यावर आधी त्यांनाच दाखवायचं, हे कधीच ठरवलं होतं.

रेणूची आई, कुसुमताई, पोहे घेऊन आल्या. तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. बशा ठेवता ठेवता त्यांची नजर पडद्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"याले दम लागला का वो?"

"नाही काकू. नुस्ता उभा आहे तो. पोतं तं अजून उचललंच नाही."

कुसुमताईंनी चष्मा सारखा केला आणि पडद्यावर बोट ठेवलं. हमालाच्या गळ्याखाली एक काळा चौकोन दिसत होता, नाहीसा होत होता, पुन्हा दिसत होता.

"अन् हे काळं काय आहे?"

"सावली आहे. श्वास घेतला का गळ्याखाली खड्डा पडते ना, त्याची."

"कोणाच्या पडते?"

"सगळ्यायच्याच पडते."

अंकुशने नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला. रेणूनेही लावला. मग रत्नमालेने दोन हाडांच्या मधल्या जागेवर बोट टेकवून श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला, खोल. बोटाखाली काहीच आत गेलं नाही.

"कोणाले पाहून काढलं?" कुसुमताईंचा आवाज एकदम खाली आला होता.

"बाबाले."

"झोपतेत कसे ते?"

"बसून. भिंतीले टेकून. त्यायले तशीच सवय आहे, काकू."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

कुसुमताई पलंगाच्या कडेवर बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळच्या पहिल्या बसनं घेऊन ये त्यायले. मी सोबत येतो डॉक्टरकडे." आणि थोड्या वेळाने, कोणाकडे न पाहता, "आधीच आणाले पाहिजे होतं बाई."

रत्नमालेला रडू आलं नाही. तिला स्वतःच्या डोळ्यांचा राग आला. त्या माणसाचा एकेक चौकोन तिने हाताने सरकवला होता. खांदे किती उचलले जातात, मान किती आत ओढली जाते, सगळं तिला अचूक ठाऊक होतं. फक्त ते दिसलं नव्हतं.

"राहू दे आता," अंकुश हळूच म्हणाला. "आहे तसंच पाठवू."

"नाही. असा आजारी माणूस पोतं कसं उचलंल?"

तिने खांदे एक चौकोन खाली आणले. गळ्याखालचा काळा चौकोन पुसला. श्वास पोटात उतरवला आणि गती निम्म्यावर आणली. पाच मिनिटंही लागली नाहीत. हमाल बरा झाला.

मग तिने घरी फोन लावला.

"बाबा काय करून राहिले, आई?"

"काय करतीन? बसले आहेत ओट्यावर. चांगले आहेत. तू जेवली का?"

"फोन त्यायच्या तोंडाजवळ धर जरा."

पडद्यावर हमाल सावकाश, निवांत उभा होता. रत्नमालेने मोबाइल कानाशी घट्ट दाबला. हमालाचा एक श्वास पुरा होईपर्यंत फोनमध्ये दोन झाले.

"झालं का वो..." बाबांनी मध्येच दम घेतला, "माझं चित्र?"

"झालं, बाबा," ती म्हणाली. "एकदम चांगले दिसून राहिले तुम्ही."