मोठ्या सरांचं बोट

आयसीयूत रुग्णाच्या मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना मोठे सर शीर पडद्यावर दाखवणारं सोनोग्राफीचं मशीन जवळसुद्धा येऊ देत नसत. "शीर बोटांना दिसली पाहिजे. टीव्ही बघायचाय तर घरी जा!" असं म्हणून ते मशीनकडे नुसतं बोट दाखवायचे, की शिष्याने ते मुकाट्याने खोलीबाहेर ढकलायचं.

आज त्याच आयसीयूत सर स्वतः आडवे पडले होते. घशात श्वासाची नळी, त्यामुळे बोलायची सोय नाही. लाडक्या शिष्याने त्यांच्या मानेत सुई खुपसली ती शिरेऐवजी थेट धमनीत. दुसऱ्यांदाही तेच. मानेवर लिंबाएवढी गाठ टरारून आली. सरांनी जिवाच्या आकांताने बोट कोपऱ्यातल्या मशीनकडे दाखवलं.

शिष्याचे डोळे भरून आले. "बघा, मरणाच्या दारातसुद्धा सर तत्त्व सोडत नाहीत. सिस्टर, ते मशीन आधी बाहेर न्या!"