सोमवारची नोट

मी कायमचा परत आलो. परदेशी असताना इथं ठेवलेलं खातं आता नियमाप्रमाणे बंद करणं भाग होतं. त्यावर बाबांचंही नाव, म्हणून त्यांनाही बँकेत नेलं. कॅशियर बाई त्यांना बघून हसल्या. “आजोबा दर सोमवारी एक नोट काढायचे आणि मंगळवारी तीच परत भरायचे. आम्ही डोकं खाजवायचो!” मी बाबांकडे पाहिलं. पैसे काढले की मेसेज माझ्या मोबाइलवर यायचा आणि बाबांना काही अडचण तर नाही ना, म्हणून मी धास्तावून लगेच त्यांना फोन करायचो. “तू कामात असायचास,” बाबा पुटपुटले. “आपण होऊन फोन करून कशाला त्रास द्यायचा? नोट काढली की तूच करायचास.” मी सही केली. मग मोबाइल काढून शेजारीच बसलेल्या बाबांना फोन लावला. त्यांनी माझं नाव वाचलं, मोबाइल कानाला धरला. “बोल रे! आज नोट न काढताच फोन?”